फुलोऱ्यातली झोप

लग्न होईपर्यंत मनुबाईला साधी सर्दीसुद्धा फारशी कधी झाली नव्हती. तिचं माहेर कोयनानगरचं. वडील धरणावर कामाला होते आणि राहायला वसाहतीतली एक खोली होती. सदुसष्ट साली डिसेंबरात पहाटे भूकंप झाला, तेव्हा भिंत अंगावर येऊन तिची आई गेली. वडिलांनी पुढच्याच वैशाखात पोरीचं लग्न उरकून टाकलं. नवरा नाथाजी लष्करात होता. घर कडेगावपासून चार मैलांवरच्या एका वाडीत. सासरा जाऊन दहा वर्षं झाली होती, दीर नव्हता, थोरली नणंद हरणाबाई आष्ट्याला दिलेली. त्यामुळे घरात सासू साळूबाई एकटीच. जमीन काळी, कोरडवाहू. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत जिकडं बघावं तिकडं रब्बी ज्वारीचा शाळूच उभा. घराच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर पहिली ओळ सुरू व्हायची.

पहिला हिवाळा नीट गेला. दुसऱ्या हिवाळ्यात, शाळू निसवून कणसं फुलोऱ्यात आली तेव्हा मनुबाईला शिंका सुरू झाल्या. दिवसा त्याचं काही वाटायचं नाही. कामाच्या नादात दहा-वीस शिंका निघून जायच्या, पदरानं नाक पुसलं की झालं. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दोन्ही नाकपुड्या गच्च व्हायच्या. तोंडानं श्वास घ्यावा तर घसा कोरडा पडायचा. टाळूला आतून अशी खाज सुटायची, की जीभ टाळूवर घासून घासून ती दमून जायची. डोळे चोळून लाल व्हायचे. आणि जरा डोळा लागतोय म्हणेपर्यंत एका मागोमाग पंधरा शिंका.

सासूची झोपमोड नको म्हणून ती वाकळ घेऊन गोठ्यात जाऊन बसू लागली. तिसऱ्या रात्री साळूबाई भिंत चाचपत गोठ्यात आली.

"हितं काय करतीस गं?"

"आवं, तुमची झोप मोडती म्हून आले."

"माझी झोप मोडून बारा वरसं झाली. चल घरात. जनावरांत बसून आनि वाढंल ते."

साळूबाई दिवसा कडक बाई होती. भाकरी जरा जाड झाली तरी ताट सरकवून द्यायची. सुनेचं कौतुक तिनं कुणासमोर कधी केलं नाही. पण त्या रात्री तिनं चुलीतला निखारा उकरला, तव्यावर ओवा भाजला, फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी सुनेच्या नाकाशी धरली. मग पाठीमागं ज्वारीचं पोतं उभं करून तिला टेकून बसवलं. "आडवी हू नगंस. बसूनच डोळा लागला तर लागंल," म्हणाली, आणि स्वतःही शेजारी बसून राहिली.

त्यानंतर दरवर्षी पौषाच्या आसपासचा महिना-सव्वा महिना दोघींचा असाच जाऊ लागला. नाथाजीची सुट्टी नेहमी उन्हाळ्यात यायची, त्यामुळे बायकोच्या या रात्री त्यानं कधी पाहिल्याच नव्हत्या. पत्रातून त्याला तेवढं ठाऊक होतं. सत्तर साली मुलगी झाली, बनू. ती एकदा झोपली की ढोल वाजवला तरी उठायची नाही. ती पलीकडं झोपलेली असायची आणि या दोघी दिव्याची वात बारीक करून बोलत बसायच्या.

काय काय करून बघितलं दोघींनी. झोपण्याआधी डोक्यावरून पाणी घेऊन केसांतली धूळ काढायची. मागच्या दाराला ओलं धोतर टांगायचं. रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून उशाला ठेवायचे. आलं-तुळशीचा काढा. मोठ्या भगुल्यात पाणी उकळून डोक्यावर वाकळ घेऊन वाफ. वाफेनं घटकाभर नाक सुटायचं. त्या घटकेत मनुबाई लहान पोरीसारखी पडल्या पडल्या झोपायची आणि अर्ध्या तासात पुन्हा उठून बसायची. शेजारची बयाबाई म्हणाली, हे बाहेरचं असंल. साळूबाईनं देवऋषीकडून अंगाराही आणला. त्या राखेनं शिंका दुप्पट झाल्या, तेव्हा तिनं तो उकिरड्यावर टाकला.

बोलणं मात्र वाढत गेलं. दिवसा ज्या गोष्टी कधी निघाल्या नसत्या त्या त्या रात्रींत निघायच्या. भूकंपानंतर दोन महिने आम्ही उघड्यावर झोपलो, आणि आई जिथं झोपायची तिथं तिची वाकळ मी रोज अंथरायची, हे मनुबाईनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते तिनं सासूला सांगितलं. साळूबाईनं नुसती पुरचुंडी पुन्हा गरम करून आणली.

एका रात्री साळूबाई आपण होऊन म्हणाली, "हरणीच्या नि नाथाच्या मधी एक झाला हुता. आठ दिस जगला."

"मला कुनी बोललं न्हाई."

"कोन बोलनार. बारसं न्हाई झालं, नावच न्हाई, तर बोलायचं कशाला. पर म्या मनात नाव ठेवलं हुतं. माझ्या म्हायेरच्या देवाचं. बिराप्पा." जरा थांबून ती म्हणाली, "आज पैल्यांदा तोंडानं घेतलं बघ."

साळूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. रात्री तिला दोनदा तरी बाहेर जावं लागायचं. मागच्या दारातून तीन दगडी पायऱ्या उतरून गोठ्याच्या कडेला जायचं. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या. मनुबाई कंदील घेऊन पुढं व्हायची आणि साळूबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उतरायची. फुलोऱ्याच्या दिवसांत सून जागीच असायची. एरवी साळूबाई तिच्या पायाला बोट लावायची, तेवढ्यानं ती उठायची. सहा वर्षांत साळूबाई एकदाही एकटी त्या पायऱ्या उतरली नव्हती.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत त्रास फार वाढला. मनुबाईच्या छातीत शिट्टी वाजू लागली. डोळ्यांखाली काळं पडलं. एकदा दळताना बसल्या बसल्या झोप लागून ती जात्यावर कलंडली आणि कपाळ फुटलं. साळूबाईनं त्याच दिवशी बनूला बयाबाईकडं ठेवलं आणि सुनेला एस.टी.नं कडेगावला नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर नव्यानं आले होते.

डॉक्टरांनी नाक, घसा, छाती सगळं तपासलं. मग विचारलं, "हा त्रास कधीपासून कधीपर्यंत असतो?"

"शाळू फुलला की येतो, दाना धरला की जातो," साळूबाईनंच उत्तर दिलं.

"मग रोग तुम्हीच ओळखलाय आजी. फुलोऱ्यातली बारीक पूड वाऱ्यावर येते, ती हिच्या नाकाला सोसत नाही. बहुतेक फुलोरा रात्री आणि पहाटेच उमलतो, म्हणून रात्री जास्त. याला ॲलर्जी म्हणतात. क्षय नाही, दमाही अजून नाही." त्यांनी कागदाच्या पुडीत लहान लहान गोळ्या बांधून दिल्या. "रात्री जेवल्यावर एक. नाक मोकळं होईल. आणि झोप गाढ लागेल हं, गुंगीच येईल जरा."

"येऊ दे," साळूबाई म्हणाली. "पाच वरसांची उरलीया तिची."

त्या रात्री मनुबाईनं गोळी घेतली. भांडी आवरेपर्यंत जीभ जड झाली. पोत्याला टेकून ती बसली, आणि साळूबाईनं तिला हात धरून आडवी केली, एवढंच तिला आठवलं. जाग आली ती कोंबड्यानं. नाकातून वारा सरळ आत जात होता. तिला काही क्षण हे कळेचना की आपल्याला वेगळं काय वाटतंय.

"आत्याबाई, रातीला बाहीर गेला न्हाईसा?"

"लागलंच न्हाई," साळूबाई म्हणाली. "थंडी लय हुती. पानी कमी पिले."

दुसऱ्या सकाळीही तिनं हेच सांगितलं. मनुबाईनं ऐकलं आणि सोडून दिलं. तिचं अंग हलकं झालं होतं. त्या दोन दिवसांत तिनं घर सारवलं, बनूचे केस धुतले, नाथाजीला पत्र लिहून घेतलं, की गुण आला, काळजी करू नका. दुपारी धुणं धुताना ती गुणगुणत होती, तर साळूबाई दारातून म्हणाली, "गळा बरा हाय की गं तुझा. नाकातनं बोलायचीस, कळलंच न्हवतं." सहा वर्षांतलं ते पहिलं कौतुक.

तिसऱ्या सकाळी मनुबाई उठली तेव्हा ऊन आत आलेलं होतं. अंगावर दोन वाकळा होत्या. एक तिची, एक सासूची. साळूबाईचं अंथरूण रिकामं होतं. उशीर झाला म्हणून ओशाळून ती चुलीकडं गेली, तर चूल थंड. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

साळूबाई पायऱ्यांच्या खाली, शाळूच्या कडेला, कुशीवर पडली होती. उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता. लुगडं दवानं भिजलं होतं. केसांवर, खांद्यावर फुलोऱ्याची पिवळी पूड बसली होती. डोळे उघडे होते आणि ओठ निळे पडले होते.

"उठलीस व्हय," ती म्हणाली.

शेजारच्या हरिबानं बैलगाडी जुंपली. कडेगावच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की खुब्याचं हाड मोडलंय, सांगलीला न्या. गुळाच्या ढेपा भरून निघालेल्या एका ट्रकवाल्यानं जागा करून दिली. हरिबानं पोस्टातून नाथाजीला आणि आष्ट्याला तारा केल्या. बनू बयाबाईकडं राहिली.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात साळूबाईच्या पायाला वजन टांगलं. हाडापेक्षा थंडीचंच डॉक्टरांना जास्त वाटत होतं. रात्रभर ती दवात पडून होती, छातीत कफ धरला होता. दुसऱ्या दिवशी ताप चढला. मनुबाई खाटेखाली चटई टाकून राहिली. गोळ्यांची पुडी घरीच राहिली होती, पण शहरात शाळूचा वारा नव्हता, आणि एका रात्रीत तिचं नाक आपोआप मोकळं झालं. झोपायचं म्हटलं असतं तर तिला झोपता आलं असतं. ती बसून राहिली.

हरणाबाई आली ती आईच्या पायाला बांधलेलं वजन बघून रडली. मग व्हरांड्यात मनुबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "आंधळ्या म्हातारीला एकटी सोडून तू गोळी खाऊन झोपलीस?"

"व्हय वन्सं."

"शिंकच येत हुती न्हवं? काय जीव जात हुता काय तुझा?"

मनुबाईनं मान खाली घातली. शिंकच येत होती.

चौथ्या रात्री साळूबाईचा ताप थोडा उतरला. हरणाबाई धर्मशाळेत झोपायला गेली होती. मनुबाई ओल्या फडक्यानं सासूचे ओठ भिजवत होती. बाकीच्या खाटांवरचे रोगी झोपले होते. दोघी कितीतरी रात्रींसारख्या जाग्या होत्या.

"आत्याबाई, एक इचारू?"

"इचार की."

"पैल्या दोन रातीबी तुमी एकट्याच गेला हुता न्हवं?"

साळूबाई हसली. "भिताड धरून धरून गेले. बसून बसून पायऱ्या उतरले, पोरावानी. तिसऱ्या राती वाटलं, आता येतंय आपल्याला, म्हून हुबी ऱ्हायले."

"मला उठवायचं हुतं."

"उठवनारच हुते. बोट बी लावलं पायाला. तू हाललीबी न्हाईस. मग दिवा जवळ घेतला नि तोंड बघितलं तुझं. तोंड मिटून झोपली हुतीस. पाच वरसांत तुला तोंड मिटून झोपलेली बघितली न्हवती म्या." तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मनुबाईनं तिची पाठ धरली. "म्हनलं, कशाला उठवायची."

"नि पडल्यावर? पडल्यावर तरी हाक मारायची. का न्हाई मारली?"

"न्हाई मारली."

"का वो?"

"पहाटेचा तारा वर आला हुता. वाटलं, उजाडंलच आता. घटकाभराचा तर सवाल." तिनं सुनेच्या मनगटावर हात ठेवला. हात तापानं कढत होता. "म्या हाक मारलीच न्हाई, मनू. मारली असती तर तू उठली असतीस. मला ठावं हाय. ते मनात धरू नगंस."

सहाव्या दिवशी दुपारी साळूबाई गेली. शेवटचा दीड दिवस तिला शुद्ध नव्हती. हरिबा आणि हरणाबाईच्या नवऱ्यानं तिला वाडीला आणलं. नाथाजी अंबाल्याहून गाड्या बदलत मिरजेला उतरला आणि वाडीत पोचला, तेव्हा राख सावडून झाली होती.

भेटायला येणाऱ्या बायकांत बयाबाई रोज यायची. पाचव्या दिवशी ती मनुबाईजवळ बसली आणि डोळे पुसत बोलून गेली, "माझंच चुकलं गं. त्या राती मला ऐकू आलं हुतं. 'मनू, मनू' करत हुती म्हातारी. लय येळ. म्हनलं, सासू-सुना रोजच्यावानी बोलत बसल्यात. दोगींचं चालायचंच की तसं. म्या कूस बदलली नि झोपले."

मनुबाईच्या हातात तांदूळ पाखडायचं सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं. मग ती त्यातले खडे वेचू लागली. बयाबाईला वाटलं, ऐकलं नसावं. पण तिनं सगळं ऐकलं होतं. साळूबाईनं हाक मारली होती. एकदा नाही, कितीतरी वेळ. आणि मरताना खोटं बोलून गेली होती.

घरामागं शाळू अजून फुलोऱ्यातच होता. वाडीत परतल्या दिवसापासून मनुबाईच्या शिंका पुन्हा सुरू झाल्या होत्या. ती रात्री पोत्याला टेकून बसायची. ओवा भाजायची नाही, वाफ घ्यायची नाही. नाथाजीनं पहिल्यांदाच हे बघितलं. तेराव्यानंतरच्या रात्री तो उठून तिच्यासमोर येऊन बसला. कोनाड्यातली गोळ्यांची पुडी त्यानं हातात आणली होती.

"घे ही. मी जागा हाय. बनूकडं बघतो, सगळं बघतो. तू झोप."

"नगं."

"डॉक्टरला भेटून आलो मी. औषध चांगलं हाय म्हनत्यात. तुझा काय दोष न्हाई त्यात."

"औषध चांगलंच हाय," ती म्हणाली.

मग तिनं त्याला बयाबाईनं सांगितलेलं सांगितलं. दवाखान्यात साळूबाई काय म्हणाली तेही सांगितलं. नाथाजी भिंतीला पाठ लावून ऐकत होता. सीमेवर त्यानं माणसं मरताना बघितली होती, पण हे ऐकताना तो पुन्हा पुन्हा हातातली पुडी उलटीसुलटी करत होता.

"आय म्हनली ना, हाक मारली न्हाई. मग तेच खरं धर," तो शेवटी म्हणाला.

"धरलं असतं. पर मला एक म्हाईत हाय ते तुमास्नी ठावं न्हाई." तिला शिंक आली, मग ओळीनं सात-आठ आल्या. त्या संपेपर्यंत तो थांबला. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "त्या राती मला लय चांगली झोप लागली. सपान बी पडलं. कोयनेला हाय मी, आई हाय, नि आई मला हाका मारतीया, ये म्हनून. मला इतकं बरं वाटत हुतं, की वाटलं, हाका मारू दे अजून. मी मुद्दाम उठत न्हवते."

नाथाजीनं पुडी कोनाड्यात परत ठेवली. चार दिवसांनी त्याची सुट्टी संपली आणि तो अंबाल्याला गेला.

पुढच्या वर्षी, शाळू निसवायच्या आधीच, त्याचं पत्र आलं, की दोन महिने बनूला घेऊन कोयनानगरला वडिलांकडं जाऊन राहा, तिथं शाळू नाही, त्रास होणार नाही, मी त्यांना कळवलंय. मनुबाईनं बनूला पाठवलं. स्वतः गेली नाही. घराला कुलूप लावता येत नाही, जनावरं आहेत, असं तिनं कळवलं. हरिबा म्हणाला होता, जनावरं मी बघतो, पण ते तिनं पत्रात लिहू दिलं नाही.

त्या हिवाळ्यात वाडीत लवकर थंडी पडली. फुलोरा चांगला आला होता. रात्री बयाबाईला पलीकडून शिंका ऐकू यायच्या, एका मागोमाग एक, आणि मग बराच वेळ काहीच नाही. बयाबाई आता लगेच उठायची. कंदील घेऊन दारात यायची आणि हाक द्यायची, "मनू, बरी हायस न्हवं?"

"हाय," आतून उत्तर यायचं. "झोपा तुमी, बयाबाई. मी जागीच हाय."